खडकांत समुद्र वाचणारा भूवैज्ञानिक : सर लुईस ली फर्मर

बरगी (जबलपूर) : जबलपूरहून नागपूरकडे निघालेला प्रवासी बरगी ओलांडतो तेव्हा नर्मदेवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय मागे राहतो आणि सातपुड्याचा चढ सुरू होतो. सिवनीपर्यंत रस्त्याच्या कडेला जागोजागी दिसतो तो काळा कातळ. महाराष्ट्रातील वाचकाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हारसाने घडले, त्याच दख्खनच्या लाव्हाचा हा ईशान्येकडील पसारा. खवासा मागे टाकून रस्ता महाराष्ट्रात उतरतो आणि देवलापारच्या जंगलातून मनसरला पोहोचतो, तोवर पायाखालचा खडक पार बदललेला असतो. रामटेकच्या शेजारच्या या गावात टेकडीतून निघणारा दगडही काळाच आहे. पण तो हाताला विलक्षण जड लागतो आणि त्याचा लाव्हाशी काही संबंध नाही. ते मँगनीजचे खनिज आहे.

एकाच रस्त्यावरच्या या दोन काळ्या दगडांपैकी पहिला पृथ्वीच्या पोटातून वर आला, तर दुसरा एका नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळाशी साचला. या दोन्ही दगडांची रासायनिक कुंडली मांडण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, तो भूवैज्ञानिक म्हणजे सर लुईस ली फर्मर. भूरसायनशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा अजून आकाराला यायची होती, त्या काळात नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतील टेकड्या तुडवत त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील काहींची उत्तरे आजही पूर्ण झालेली नाहीत.

फर्मर यांचा जन्म १८ सप्टेंबर १८८० रोजी दक्षिण लंडनमधील पेकहॅम येथे झाला. वडील बँकेत कारकून होते आणि सहा भावंडांत लुईस थोरले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षणाची वाट शिष्यवृत्तीनेच मोकळी झाली. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये प्रवेश मिळाला तेव्हा धातुशास्त्रज्ञ व्हावे, असा त्यांचा मनसुबा होता. धातू आणि रसायनांची ही बैठक पुढे भूविज्ञानात त्यांना फार उपयोगी पडली. खडकाकडे पाहताना तो कोणत्या थरात आहे, एवढ्यावर ते थांबत नसत. त्यात कोणते मूलद्रव्य किती आहे आणि ते तिथे आले कसे, हाच त्यांचा पहिला प्रश्न असे. १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि कोलकात्याला आले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

सर्वेक्षण खात्यात तो काळ अस्वस्थतेचा होता. ज्येष्ठ भारतीय भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या टॉमस हॉलंड यांना संचालकपद देण्यात आले आणि १९०३ मध्ये बोस यांनी राजीनामा दिला. जबलपूर परिसरातील मँगनीजची पाहणी याच बोस यांनी १८८० च्या दशकात केली होती. फर्मर यांच्या कामाच्या आधी या भूमीवर एका भारतीय भूवैज्ञानिकाची पावले उमटली होती, याची नोंद येथे आवश्यक आहे. कारण त्या खात्याच्या संचालकपदी भारतीय व्यक्ती येण्यासाठी १९५१ साल उजाडावे लागले.

फर्मर भारतात आले त्याच सुमारास मध्य प्रांतात मँगनीजची लाट उसळली होती. पोलाद तयार करताना त्यातील प्राणवायू आणि गंधक काढून टाकण्यासाठी मँगनीज लागते. त्याचे प्रमाण वाढवले की पोलाद झीज सोसणारे, कणखर होते. युरोप-अमेरिकेतील भट्ट्यांना हे खनिज हवे होते. भारतातील खाणकामाची सुरुवात १८९० च्या दशकाच्या आरंभी विशाखापट्टणमच्या बाजूला झाली. ते शतक सरता सरता रामटेकच्या परिसरात कुदळी पडल्या आणि पाहता पाहता मध्य प्रांत या व्यापाराचे केंद्र बनला. काही वर्षांतच भारत रशियाच्या बरोबरीने जगाला मँगनीज पुरवू लागला. टेकड्या उघड्या खणल्या जात होत्या. गोंड आणि इतर समाजांतील स्त्री-पुरुष हातोडीने खनिज फोडत, निवडत आणि ढीग रचत होते. खनिज परदेशी जात होते. मात्र ते इथे आले कसे, किती खोलवर आहे आणि कुठवर पुरेल, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते शोधण्याची कामगिरी नव्या तरुण अधिकाऱ्याकडे आली.

पुढील काही हिवाळे फर्मर यांनी तंबूत काढले. त्या भटकंतीचे फळ म्हणजे १९०९ मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत ३७ वा खंड म्हणून प्रसिद्ध झालेला, भारतातील मँगनीज खनिजांवरील हजाराहून अधिक पानांचा प्रबंध. खनिजांचे वर्णन, भूविज्ञान, अर्थकारण व खाणकाम आणि एकेका साठ्याची तपशीलवार नोंद असा त्याचा आवाका आहे. लेखक तेव्हा तिशीचाही नव्हता. सरकारी अहवाल सहसा कपाटात धूळ खातात. हा प्रबंध मात्र खाणमालकांपासून संशोधकांपर्यंत अनेकांच्या हाती फिरत राहिला.

या प्रबंधाचा गाभा एका खडकात आहे. मध्य प्रांतातील मँगनीजच्या पट्ट्यांना लगटून, बहुतेक ठिकाणी नारिंगी-तपकिरी कणांचा एक खडक सापडतो. गारगोटी आणि स्पेसार्टाइट हे त्याचे मुख्य घटक. स्पेसार्टाइट म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट. रत्नांच्या बाजारात गार्नेटच्या जातीला तामडा म्हणतात. या खडकाला नाव नव्हते. फर्मर यांनी या प्रदेशातील गोंड समाजावरून त्याला गोंडाइट हे नाव दिले. त्यांनी शोधलेल्या बहुतेक खनिजांना साहेबांची नावे मिळाली. हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट, ब्लॅनफर्ड यांच्यावरून ब्लॅनफर्डाइट, सहकारी व्रेडनबर्ग यांच्यावरून व्रेडनबर्गाइट, लंडनमधील प्राध्यापक जड यांच्यावरून जडाइट. खडकाचे नाव ठेवताना मात्र त्यांना तो डोंगर ज्यांचा, ते लोक आठवले.

गोंडाइटचा उगम कसा झाला, याबाबत फर्मर यांनी केलेला तर्क रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही भावावा असा आहे. हा खडक अभ्रकी शिस्ट, क्वार्टझाइट आणि संगमरवर यांच्या थरांत थरासारखाच पसरलेला दिसतो; थर वळला की तोही वळतो. शेजारचे खडक मुळात समुद्रात साचलेली माती, वाळू आणि चुनखडी होते. मग मधला थरही गाळाचाच असला पाहिजे. मँगनीजच्या ऑक्साइडचा चिखल शुद्ध असेल तिथे, पुढे उष्णता आणि दाब यांच्या तडाख्यात सापडून, त्याचे खनिज बनले. त्यात चिकणमाती मिसळलेली असेल, तर मातीतील ॲल्युमिना आणि सिलिका घेऊन मँगनीजने गार्नेटचे रूप धारण केले. नुसती वाळू मिसळलेली असेल, तर गुलाबी रंगाचे ऱ्होडोनाइट तयार झाले. म्हणजे आज मनसर, चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग येथील खाणीत शेजारी शेजारी दिसणारे काळे, नारिंगी आणि गुलाबी दगड हे एकाच समुद्रतळावरील चिखलाच्या कमी-अधिक भेसळीचे परिणाम होत. खडकाच्या रासायनिक घडणीवरून नाहीशा झालेल्या समुद्राचा तळ असा वाचता येतो, हे फर्मर यांनी विदर्भाच्या टेकड्यांत दाखवून दिले.

समुद्रात मँगनीज साचते, ही कल्पना त्या काळी अगदी अपरिचित नव्हती. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेने खोल सागरतळावरून मँगनीजचे बटाट्याएवढे गोळे उपसून आणले होते. मात्र पाण्यात ते नेमके कसे वागते, याचा उलगडा बऱ्याच नंतर झाला. प्राणवायू नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेल्या अवस्थेत दूरवर वाहत जाऊ शकते. प्राणवायूची गाठ पडली की त्याचे ऑक्साइड बनून ते तळाशी बसते. लोह हीच वाट धरते, पण त्याचा साका आधी बसतो. त्यामुळे लोहाचे आणि मँगनीजचे साठे वेगळे पडतात. हे गणित हाती नसताना फर्मर निव्वळ थरांच्या मांडणीवरून आणि खनिजांच्या घडणीवरून समुद्रापर्यंत पोहोचले होते.

सर्वच ठिकाणी त्यांचा निष्कर्ष बरोबर आला असे मात्र नाही. विजयनगरम भागातील कोडूर येथे आढळलेल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी कोडुराइट असे नाव दिले आणि तो वितळलेल्या शिलारसातून थिजला असावा, असे मत मांडले. पुढील संशोधकांना ते पटले नाही. तिथेही मूळ गाळाचेच असून शिलारसाशी संपर्क आल्याने त्याचे रूप पालटले, अशी मांडणी होत गेली. मध्य प्रांतातील खनिजाचा काही भाग गार्नेट आणि ऱ्होडोनाइट यांच्या विघटनातून बनला, या त्यांच्या मतालाही कालांतराने मुरड घालावी लागली. जादवपूर विद्यापीठातील सुप्रिय रॉय यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळच्या मँगनीज ऑक्साइडच्या गाळाचे महत्त्व अधिक ठळक केले. खनिजांच्या नावांचेही तसेच. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार गावाच्या नावाचे सीतापाराइट हे आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट निघाले. व्रेडनबर्गाइट हे दोन खनिजांचे गुंतलेले मिश्रण ठरले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या नावाचे बेलडोंगराइटही टिकले नाही. सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांनी बरीच छाटणी केली.

टिकलेल्या नावांत हॉलंडाइट महत्त्वाचे. झाबुआ जिल्ह्यातील काजळीडोंगरी येथे सापडलेल्या या बेरियम-मँगनीज ऑक्साइडच्या स्फटिकात अणूंच्या मांडणीमुळे बोगद्यासारख्या पोकळ्या असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवूड यांनी अणुकचरा कायमचा बंदिस्त करण्यासाठी कृत्रिम खडकाची कल्पना पुढे आणली. त्यात सीझियमसारखी घातक मूलद्रव्ये अडकवून ठेवण्यासाठी त्यांनी याच रचनेच्या, मँगनीजऐवजी टायटॅनियम असलेल्या खनिजाची निवड केली. रिंगवूड यांचे नाव याच लेखात पुन्हा एकदा येणार आहे, आणि तो केवळ योगायोग नव्हे.

फर्मर यांच्या नावाचेही एक खनिज आहे. सीतापारच्या मँगनीज साठ्यात सापडलेल्या, आर्सेनिक आणि फॉस्फरस असलेल्या एका दुर्मीळ खनिजाला १९१० मध्ये इंग्लंडमधील खनिजशास्त्रज्ञांनी फर्मराइट हे नाव दिले.

गार्नेटने या माणसाचा पिच्छा पुरवला, असे म्हणावे लागेल. मँगनीजचा प्रबंध पुरा झाल्यावर त्यांचे लक्ष गार्नेटच्या घनतेकडे वळले. तीच मूलद्रव्ये, त्याच प्रमाणात असताना, एका परिस्थितीत बेसाल्ट किंवा गॅब्रो हा खडक बनतो आणि दुसऱ्या परिस्थितीत गार्नेटयुक्त एक्लोजाइट बनतो. बेसाल्टची घनता तीनच्या आसपास, तर एक्लोजाइटची साडेतीनच्या जवळपास. म्हणजे एक्लोजाइट कमी जागेत मावतो. दाब जितका जास्त, तितका कमी जागेत मावणारा खडक निसर्ग पसंत करणार. त्यावरून १९१३ मध्ये फर्मर यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, खडकातील गार्नेट हे तो खडक किती दाबाखाली घडला, हे सांगणारे दाबमापक आहे. दुसरी, भूकवचाच्या खाली गार्नेटयुक्त खडकांचे एक आवरण असले पाहिजे. तिथे वरचा दाब कुठे हलका झाला, तर तो खडक फुगतो, वितळतो आणि बेसाल्टचा लाव्हा होऊन वर येतो. दख्खनच्या पठारावर एवढा प्रचंड लाव्हा आला कुठून, या प्रश्नाचे हे त्यांचे उत्तर होते. बरगीच्या कातळाचे मूळ त्यांनी असे पृथ्वीच्या अंतरंगात नेऊन भिडवले.

त्या वेळी पृथ्वीच्या पोटाविषयीचे ज्ञान अगदी अपुरे होते. भूकंपलहरींच्या अभ्यासातून कवच आणि त्याखालील प्रावरण यांची सीमा मोहोरोव्हिचिच यांनी दाखवली, त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे १९२२ मध्ये आधुनिक भूरसायनशास्त्राचे प्रवर्तक मानले जाणारे व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी नॉर्वेत बसून पृथ्वीच्या अंतरंगात एक्लोजाइटचे आवरण कल्पिले. १९६० च्या दशकात रिंगवूड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ग्रीन यांनी प्रयोगशाळेत बेसाल्टवर प्रचंड दाब देऊन त्याचे एक्लोजाइट होताना पाहिले. रूपांतर खरोखरच घडते. मात्र कवच आणि प्रावरण यांची सीमा त्या रूपांतराने बनलेली नाही आणि प्रावरण मुख्यतः पेरिडोटाइटचे आहे, असा निष्कर्ष निघाला. बेसाल्टही प्रामुख्याने या पेरिडोटाइटच्या अंशतः वितळण्यातून उपजतो. फर्मर यांचे आवरण त्यांनी कल्पिले तसे नव्हते. गार्नेटचे दाबमापक मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे आणि दाब हलका झाल्याने खोलवरचा खडक वितळतो, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात शिकवली जाते.

दख्खनच्या लाव्हाचा त्यांनी प्रत्यक्षही अभ्यास केला. छिंदवाड्याजवळील लिंगा येथील लाव्हाचे थर त्यांनी सिरिल फॉक्स यांच्यासह तपासले. भुसावळला दगडी कोळशाच्या आशेने खोल छिद्र घेण्यात आले होते. १२१७ फूट खाली जाऊनही लागला तो लाव्हाच, कोळसा नाही. खर्च फुकट गेला, असे कोणीही म्हटले असते. फर्मर यांनी त्या छिद्रातून निघालेले नमुने बारकाईने तपासले आणि एकावर एक साचलेले २९ लाव्हाप्रवाह वेगळे करून दाखवले. प्रत्येकाची सरासरी जाडी सुमारे ४० फूट. खानदेशातील शेताखाली काय दडले आहे, याचे इतके नेमके चित्र तोपर्यंत कोणापाशी नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वे मंडळ आणि युद्धसामग्री मंडळ यांच्या कामासाठी त्यांना क्षेत्रकार्य बाजूला ठेवावे लागले. युद्धानंतर ते सौंसर तहसीलच्या नकाशांकडे परतले. सौंसर, पांढुर्णा हा मराठी भाषकांचा भाग. तिथल्या प्राचीन खडकांना भूविज्ञानात आज सौंसर समूह याच नावाने ओळखतात. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास या थरांचे रूपांतर झाले, असे आता मानले जाते.

या भटकंतीची किंमत घराने मोजली. म्युरिएल अँबलर यांच्याशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. १९१५ मध्ये लंडनमध्ये जन्मलेला मुलगा पॅट्रिक याला बालपणी वडिलांचा सहवास फारसा लाभला नाही. आई आणि बहीण भारतात परतल्या, तेव्हा तान्ह्या पॅट्रिकला इंग्लंडमधील एका कुटुंबाकडे ठेवण्यात आले होते. हाच मुलगा पुढे अठराव्या वर्षी पायी युरोप ओलांडून गेला आणि पॅट्रिक ली फर्मर या नावाने इंग्रजीतील थोर प्रवासलेखक म्हणून गाजला. आज बाहेरच्या जगात वडिलांची ओळख बहुधा मुलाच्या चरित्रातील एका परिच्छेदापुरती उरली आहे. रामटेक-तुमसरच्या खाणपट्ट्यात मात्र परिस्थिती उलटी आहे.

१९३० ते १९३५ या काळात फर्मर सर्वेक्षणाचे संचालक होते. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३५ मध्ये सर हा किताब त्यांना मिळाला. त्याच वर्षी कोलकात्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशात एकच विज्ञान अकादमी असावी की अनेक, यावरून तेव्हा वैज्ञानिकांत तीव्र मतभेद होते, सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्येच बंगळुरूत स्वतंत्र अकादमी उभारली होती. फर्मर यांची संस्था पुढे दिल्लीला गेली आणि १९७० पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाऊ लागली. निवृत्तीनंतर त्यांनी मलायातील खाण उद्योगाची पाहणी केली आणि भारतीय द्वीपकल्पातील प्राचीन खडकांचा परस्परसंबंध लावणारा आणखी एक मोठा प्रबंध सिद्धीस नेला. २४ मे १९५४ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या टेकड्यांची नोंद त्यांनी केली, त्यांतील अनेक आजही खणल्या जात आहेत. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, उकवा आणि बालाघाट येथील खाणी नागपूरस्थित मॉइल ही सार्वजनिक कंपनी चालवते. बालाघाटची खाण आता जमिनीखाली खोलवर गेली आहे. दुसरीकडे, २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गवेषणी जहाजाने सागरतळावरून मँगनीजचे गोळे प्रथमच वर काढले आणि १९८७ मध्ये मध्य हिंद महासागरातील क्षेत्रावर भारताला शोधकार्याचा हक्क मिळाला. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या संथ गतीने वाढतात. त्यांना हात लावावा की नाही, यावर जगभर वाद सुरू आहे. मनसरच्या टेकडीत जो चिखल एकदा दगड झाला, त्याच जातीचे हे साठे तिथे पाच किलोमीटरांच्या आसपास खोल अंधारात अजून साचत आहेत.